मामाजींचा उजवा खांदा

माणसाच्या खांद्याचा सांधा शिकवायला मला एक तास पुरतो. मारेगावच्या एका शाळेत मी अठरा वर्षांपासून विज्ञान शिकवते, आणि तो तास मला तोंडपाठ आहे. प्रयोगशाळेतला प्लास्टिकचा सांगाडा वर्गात ओढून आणायचा, त्याच्या डोक्यावर कुणीतरी ठेवलेली टोपी काढायची, हसू थांबेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं, आणि मग सुरुवात. खांद्यात हाडं तीन. पुढे गळ्याखालचं आडवं हाड, मागे खवाट्याचं चपटं तिकोनी हाड, आणि दंडाचं लांब हाड, ज्याचं वरचं टोक गोल असतं. कमरेच्या सांध्यात मांडीचं हाड खोल उखळीत बसतं. खांद्याची उखळ नावाला उखळ, खरं तर ती बशी. बशीवर लिंबू ठेवावं तसं दंडाचं टोक तिच्यावर टेकलेलं असतं. ते घरंगळत नाही, कारण चार लहान स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून धरून असतात, आणि त्या सगळ्यांवर डेल्टॉइड नावाचा एक जाड स्नायू पांघरलेला असतो. म्हणून आपला हात सगळ्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच हा सांधा सगळ्यात सहज निखळतो.

हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून खाली रेघ मारते. परीक्षेत हमखास येतं.

मी मूळची यवतमाळची. माहेरी आजोबांपासून सगळे कचेरीतले. घरात सगळ्यात जड वस्तू म्हणजे गॅसचं सिलिंडर. लग्न होऊन आले ती मारेगावजवळच्या एका गावात, शेतीच्या घरात. नवरा यवतमाळला ऑफिसात असतो, शनिवारी घरी येतो. मुलगी शिकायला बाहेर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी सत्तरीला टेकलेले, पण कापूस आणि तूर स्वतः बघायचे. नांगरायला ट्रॅक्टर सांगायचे आणि तरी बैलांची जोडी ठेवायचे. काहून म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ट्रॅक्टर कामाले हाय, बैल घरातले हायेत."

एकदा मी त्यांना म्हटलं होतं, बैलाचा खांदा आपण म्हणतो तो खांदा नव्हेच, ती मान आहे. बैलाला गळ्याखालचं आडवं हाडसुद्धा नसतं, त्याचे पुढचे पाय नुसत्या मांसानं छातीला धरलेले असतात. त्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"मंग तो हाडाबिगर एवढं वढते," ते म्हणाले, "अन् आपण हाडं असून बसून राह्यलो, मास्तरीणबाई."

ते खुशीत असले की मी मास्तरीणबाई, एरवी सूनबाई.

होळीनंतरची गोष्ट. कापूस निघाला होता आणि कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बैलबंडीत भरणं चाललं होतं. शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी मी पाणी घेऊन शेतात गेले. मामाजी भरलेल्या बंडीवर उभे राहून दोर आवळत होते. दोर तुटला आणि ते मागच्या मागे, उजवा हात पसरून, खाली आले.

मी पोचले तेव्हा ते उठून बसले होते आणि उजवा हात डाव्या हातानं धरून होते. खांद्याची गोलाई गेली होती. तो चौकोनी झाला होता, आणि पुढे, गळ्याच्या हाडाखाली, एक गोळा वर आला होता. अठरा वर्षं ज्याचं वर्णन करत आले ते समोर होतं. तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आपल्याला ओळखता आलं, म्हणून.

कामावरच्या बाया जमल्या. एकजण म्हणाली, पलीकडच्या गावात हाड बसवणारा म्हातारा आहे, त्याले बलवा. त्या म्हाताऱ्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. त्यानं बसवलेले दोन वाकडे हात माझ्या वर्गात बसत होते. दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, तर गाडी दुसरीकडे गेलेली, तासभर लागेल म्हणाले. एक तास काही फार नसतो. पण मामाजी ओठ चावून होते आणि दर श्वासाला कण्हत होते, आणि सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मी बसवते," मी म्हणाले.

"तुले येते?" मामाजींनी विचारलं.

"येते."

मला येत नव्हतं. मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेली एक जुनी रीत आहे. माणसाला उताणं निजवायचं, त्याच्या बाजूला खाली बसायचं, आपली टाच त्याच्या काखेत रोवायची आणि त्याचा हात धरून सावकाश, न हिसकता, ओढत राहायचं. यात टाच महत्त्वाची. तिच्यामुळे अंग जागच्या जागी राहतं आणि ओढ सरळ लागते. मी त्यांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, निजवलं, शेजारी बसले, चप्पल काढली आणि पाय उचलला.

तो पाय पुढे जाईना. चुकून कुणा मोठ्या माणसाला पाय लागला तरी आपण वाकून नमस्कार करतो. मी तर मामाजींसमोर कधी खाटेवरही बसले नव्हते, आणि आता चार बायांदेखत त्यांच्या काखेत टाच रोवायची होती. मामाजींनी माझा उचललेला पाय पाहिला आणि डोळे मिटून घेतले. दुखत होतं म्हणून की लाज वाटली म्हणून, ते मला कळलं नाही. मी पाय खाली घेतला. त्यांच्याच डोक्याच्या दुपट्ट्याची गुंडाळी करून काखेत घातली, एका बाईला ती दाबून धरायला सांगितली, आणि गुडघ्यांवर बसून हात ओढला. नुसतं अंग सरकलं. पुन्हा ओढला. ते ओरडले. तिसऱ्या वेळी मी ओढता ओढता हात पिळला आणि हिसका दिला. खट् असा आवाज झाला आणि खांदा गोल दिसायला लागला.

"बसला वं माय!" ती बाई म्हणाली. "मास्तरीणबाईनं बसवला!"

मामाजी घामानं निथळत होते, पण हसले. मला इतकं छान वाटलं होतं की ते इथे लिहायची लाज वाटते. पुढचे पंधरा दिवस गावातली माणसं मुरगळलेले पाय आणि धरलेल्या माना घेऊन माझ्या दारात येत होती, आणि मी त्यांना दवाखान्यात पिटाळत होते, मोठा विनय दाखवत.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आम्हाला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. सांधा जागेवर होता.

"कोणी बसवला?" डॉक्टरांनी विचारलं.

"गावात एक जण आहेत," मी म्हणाले.

हे खोटं मी ठरवून बोलले नव्हते. त्यांच्या टेबलावर खांद्याची हुबेहूब प्रतिकृती होती, भिंतीवर पदव्या होत्या, आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं धुऱ्यावर सासऱ्याचा हात पिळला हे मला तिथे म्हणवलं नाही. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मामाजी भिंतीवरच्या तक्त्यातले लाल स्नायू पाहत होते.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, बाहीची शिवण येते त्याच्या खाली, बोट फिरवलं. "इथे कळतं का?"

मामाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. "कयते," ते म्हणाले.

डॉक्टरांनी नेमकं तिथेच का विचारलं ते मला ठाऊक होतं. दंडाच्या हाडाच्या गोल टोकाखाली मागून वळसा घालून एक मज्जातंतू येतो. डेल्टॉइड त्याच्यामुळे हलतो, आणि खांद्यावरच्या तळहाताएवढ्या कातडीला त्याच्यामुळेच जाणीव असते. सांधा निखळताना हा तंतू ताणला जातो. वेडावाकडा हिसका देऊन बसवताना आणखी जातो. ती कातडी बधिर असली तर तंतू दुखावला असं समजायचं. मामाजी कळतं म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी हाताला आधार दिलेली गळ्यातली झोळी निघाली, आणि हात उठला नाही. कोपरातून वाकायचा, घास तोंडापर्यंत जायचा. पण खांद्यातून बाजूला वीतभरसुद्धा उचलता येईना. डोक्याला दुपट्टा बांधता येईना. बैलांच्या मानेवर जू चढवता येईना. महिनाभरात खांद्याची गोलाई पुन्हा गेली, या वेळी स्नायू वाळून. डॉक्टर म्हणाले, तंतू ताणला असावा, बरेचदा आपोआप भरून येतो, दिवसाला मिलिमीटरभर वाढतो म्हणा. कातडीला कळतं आहे ही चांगली खूण. तरी नागपूरला जाऊन सुया टोचून तंतूची तपासणी करून घ्या, कारण दुरुस्त करायची वेळ आलीच तर सहा महिन्यांच्या आत केलेलं बरं.

"सुया टोचून घ्याले नागपूरले कायले जावं?" मामाजी घरी आल्यावर म्हणाले. "घरची मास्तरीणबाई टोचते नं."

आणि मी टोचायला लागले. दर रविवारी सकाळी मामाजी ओसरीत खुर्ची टाकून, सदरा उतरवून बसायचे. मी देवासाठी वळलेली एक फुलवात घ्यायचे, एक सेफ्टी पिन आणि एक वही. वहीत मी खांद्याचं चित्र काढलं होतं आणि त्यावर दहा ठिपके.

"डोळे मिटा, मामाजी."

ते मिटायचे. मी वात टेकवायचे आणि विचारायचे, "आता?"

"हो."

"आता?"

"हो."

वातीची फेरी संपली की पिनेची, आणि तेव्हा दर "आता?"ला ते म्हणायचे, "टोचलं." दहा ठिपके, दहा बरोबरच्या खुणा. दर रविवारी तेच. नवरा वही बघून म्हणायचा, कातडी ठीक आहे म्हणजे हात येईलच. मीही तेच म्हणायचे. नागपूरचा विषय महिन्यातून एकदा निघायचा आणि वही दाखवली की मिटायचा.

त्या महिन्यांत मला काय वाटत होतं, ते मला आठवत नाही. सदरा घालताना मामाजींचा उजवा हात आधी बाहीत सरकवायचा आणि मग डावा, हे आठवतं. गुंड्या मी लावायचे, तेव्हा ते वर आढ्याकडे बघायचे. डोक्याचा दुपट्टा मला बांधता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो बांधणं सोडलं आणि नुसता गळ्यात ठेवायला लागले. पेरणीला जू चढवायला शेजारचा माणूस आला. मामाजी बाजूला उभे राहून त्याला सूचना करत होते. मी ते पाहिलं आणि शाळेत निघून गेले. त्या दिवशी सांधे शिकवायचे होते, ते शिकवले. रेघही मारली. कुठे काही लागलं नाही, की खुपलं नाही. वाईट वाटायला हवं हे मला समजत होतं, पण ते शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं कुठूनतरी लांबून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. जू ओढून ओढून घट्टे पडलेली बैलांची मान त्या दिवशी हळद आणि तुपानं शेकतात. वाटीत तूप-हळद निखाऱ्यावर गरम करायची, पळसाचं पान तिच्यात बुडवून मानेवर फिरवायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे घरोघरी असंच. आमच्या घरात एक गोष्ट जास्तीची होती. मामाजी ते पान आधी स्वतःच्या उघड्या खांद्याला लावून पाहायचे. त्यांचे वडीलही तसंच करायचे म्हणे. बैलाले तोंड नाई, मंग जास्त गरम झालं हे त्यानं कोणाले सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

इतकी वर्षं ते पान उजव्या हातात धरत आणि डाव्या खांद्याला लावत. त्या वर्षी उजवा हात उठत नव्हता. पान डाव्या हातात होतं, आणि डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला. माझ्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नसावं.

मी गोठ्याच्या दारात शेगडीपाशी बसले होते. नवरा सुट्टी काढून आला होता, तो तांबड्या बैलाची वेसण धरून उभा होता. मामाजींनी पान देठाशी धरून वाटीत बुडवलं, खांद्याला लावलं आणि मान हलवली.

"थंडच हाय, सूनबाई. तापव जराशी."

मी तापवली. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं.

"अजून."

मी निखारे फुंकले. आता वाटी फडक्यानं धरावी लागत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी पान खांद्यावर जरा जास्तच टेकवून धरलं, "होईन आता" म्हणाले, आणि तांबड्याच्या मानेला लावलं.

तांबड्यानं मान अशी झटकली की नवरा भिंतीवर आदळला. वाटी उलटली. कधी कुणावर शिंग न उगारलेला तो बैल दाव्याला हिसके देत कोपऱ्यात सरकला आणि थरथरत उभा राहिला.

"काय झालं त्याले?" नवरा ओरडला.

"माशी चावली असन," मामाजी म्हणाले. ते हातातल्या पानाकडे बघत होते.

मी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. हळदीच्या डागाखालची कातडी लाल झाली होती आणि मध्ये फोड धरायला लागला होता. ते शांत उभे होते. त्यांनी वर पाहिलं, मी कुठे बघते आहे ते पाहिलं, आणि गळ्यातला दुपट्टा ओढून त्या खांद्यावर घेतला. मग बैलाजवळ गेले. "चुकलं बापा माह्यं," त्याला म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. आठवड्यानं आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनीही विचारलं, कोणी बसवला. मी बसवला, म्हणाले, आणि कसा तेही सांगितलं. पाय उचलला होता आणि खाली घेतला, तेसुद्धा. ते लिहून घेत राहिले. तंतू पार मुका होता. शस्त्रक्रिया झाली, पण उशिराची. आज मामाजींचा हात छातीपर्यंत येतो, वर जात नाही. नुकसान पडल्यानं झालं की हिसक्यानं, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्यानं हलकं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. हिसक्याचं कुणी सांगू शकत नसेल, पण ते पाच महिने कसे गेले ते मला माहीत आहे. ती वही माझ्या अक्षरातली आहे.

पण मला सांगायची आहे ती पोळ्याची सकाळ. नवरा बैल धुवायला नाल्यावर गेला होता. मी फुलवात, पिन, वही आणि भाजल्याचं मलम घेऊन ओसरीत आले. मामाजी खुर्चीत बसले होते, दुपट्टा तसाच खांद्यावर.

"आज कायले?" ते म्हणाले. "आज कुठं रविवार हाय?"

"आज करून टाकू."

त्यांनी वाद घातला नाही. मी दुपट्टा काढला. फोड रुपयाएवढा झाला होता. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले.

पोरांना मी दर वर्षी सांगते, प्रयोगात एक नळी रिकामी ठेवा. तिच्यात काही न घालता बाकी सगळं तसंच करा, आणि मगच दुसऱ्या नळ्यांवर विश्वास ठेवा. इतक्या रविवारांत मी एकदाही रिकामा प्रश्न विचारला नव्हता. दर वेळी आधी वात टेकवली, मग "आता?" म्हटलं. सुचलं नव्हतं म्हणायची सोय नाही. सुचवून घ्यायचं नव्हतं.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता?"

"हो," मामाजी म्हणाले.

"आता?"

"हो."

"वात की पिन?"

ते जरा थांबले. "पिन. पण हल्लू टोचली."

मी असं दहा वेळा विचारलं. दहाही वेळा ते हो म्हणाले, न चुकता, माझा आवाज थांबला की लगेच. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. ती लाज मला खरोखर लागली, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा काही लागलं. मी वहीत काही लिहिलं नाही.

मग मी बोटावर मलम घेतलं आणि फोडाच्या कडेकडेनं लावलं. ते हलले नाहीत. मी सगळा तळहात त्यांच्या खांद्यावर ठेवला. कातडी गरम होती. खाली स्नायू उरलाच नव्हता, हाडाचं गोल टोक थेट हाताला लागत होतं, मीच बसवलेलं. मी हात तसाच ठेवला आणि काही विचारलं नाही. मामाजी डोळे मिटून, मान थोडी माझ्या बाजूला कलवून, माझ्या प्रश्नाची वाट बघत बसून होते. नाल्याकडून बैल परत येत होते, त्यांचे घुंगरू ऐकू यायला लागले.

मग ते हळूच म्हणाले, "इचार नं, मास्तरीणबाई."